पाणी मोकळं करणारी

भोयाच्या घरात मासे न खाणारा माणूस म्हणजे नवलच. माझे सासरे तसे होते. हयातभर जाळं टाकलं, निम्मा जन्म नदीत उभं राहून काढला, आणि उतारवयात ताटात माशाचं कालवण दिसलं की वाटी बाजूला सारून चटणी-भाकर मागायचे. नायगावच्या बाजारात लोक त्यांची टर उडवायचे. "काय तात्या, माळ घातली का काय?" तेही हसण्यावारी न्यायचे. "दात न्हाईत बाबा, काटे कोन काढीत बसंल," म्हणायचे. दात चांगले शाबूत होते. मरायच्या आदल्या वर्षापर्यंत ऊस सोलून खाल्ला त्यांनी. खरं कारण मला माहीत होतं आणि मी ते माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. ज्यांच्यासाठी लपवायचं होतं ती दोन्ही माणसं आता राहिली नाहीत. म्हणून सांगते.

माझं माहेर नांदेडचं, गोदावरीच्या काठचं. बाप मासळी विकायचा, आई जाळी विणायची. मी तोंडाची फटकळ. बाप म्हणायचा, हिला नदीकाठच्याच घरात द्या, भांडून भांडून दमली तर निदान पोहून तरी येईल. दिली ती मन्याडकाठच्या गावात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या होत्या. घरात मामंजी, माझा नवरा आणि मी. गावात भोयांची अजून दोन-तीन घरं, आणि मामंजी म्हणतील ती त्या सगळ्यांची पूर्व दिशा.

लातूर नवा जिल्हा झाला त्या काळातलं हे. तिकडं नव्या हापिसांचं कौतुक चाललं होतं आणि इकडं पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड दाखवायला तयार नव्हता. दिवाळीआधीच मन्याडची धार तुटली. नदीच्या पात्रात बायका वाळू उकरून झिरे काढायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. पाणी म्हणून काय राहिलं होतं ते गावाखालच्या वळणावरच्या डोहात. काळ्या खडकाच्या पायथ्याशी तो डोह, आणि धार तुटल्यावर सगळ्या नदीचा मासा त्यात येऊन बसलेला. मरळ, वाम, शिंगटे, काय म्हणाल ते.

माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मला दिवस गेले होते आणि माशाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. पण मामंजींनी डोहाला हात लावू दिला नाही. म्हणाले, "आत्ता एकेक मासा काढीत बसलात तर डोह ढवळून निघंल, मासा गाळात तोंड घालील. पानी कमरेला येऊ द्या. होळीच्या आसपास समदे मिळून मोठं जाळं ओढू. पावसापर्यंत पोटाचं बघावं लागनार न्हाई." त्यांचं बरोबर होतं. तोवर आम्ही सगळे सरकारी कामावर नाला-बांधाची माती उपसत होतो. डोह तेवढा आमचा धीर होता. कोणी विचारलं, यंदा कसं व्हायचं, की आम्ही खालच्या वळणाकडे बोट दाखवायचो.

संक्रांतीनंतर ते घडलं.

गावातल्या बौद्धवाड्यातली एक लेक अहमदपूरकडं दिली होती. तिचा नवरा सरकारी हापिसात कारकून. आधी उस्मानाबादेत होता, जिल्हा वेगळा झाल्यावर त्याची बदली लातूरला झाली. त्यांचा एकुलता एक पोरगा, कॉलेजात शिकणारा, उंचापुरा. बोर्डिंगला पाणी पुरेना म्हणून पोरांना घरी पाठवलेलं, आणि लातुरात त्यांच्या खोलीवरही पाण्याचे हाल. तेव्हा आईनंच त्याला मामाकडं धाडलं. तिथं निदान नदीला डोह आहे, म्हणाली. मामा आमच्याच बांधावर कामाला होता, पोरगाही त्याच्यासोबत माती टाकायला यायचा. हसरा होता. मला वहिनी म्हणायचा आणि पाटी माझ्या डोक्यावरची उतरवून स्वतः न्यायचा.

एका संध्याकाळी काम सुटल्यावर तो अंघोळीला डोहावर गेला. खडकावरून सूर मारला असणार. वरून पाणी खोल दिसायचं, पण खाली निम्मा नुसता गाळ होता. कपडे खडकावर सापडले. अंधार पडेपर्यंत आमच्या माणसांनी बांबू लावून, बुड्या मारून शोधलं. काही लागलं नाही. मामंजी त्या दिवशी किनवटला पाहुण्यांकडं गेले होते. सकाळच्या एसटीनं उतरले आणि पिशवी माझ्या हातात देऊन थेट पाण्याकडे गेले.

पटका काढून माझ्याजवळ दिला आणि ते आत शिरले. बऱ्याच वेळानं वर आले तेव्हा गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभे होते, पाठ काठाकडं. हातात काय होतं ते त्यांच्या खांद्याआड. मागं न बघता ओरडले, "माझा पटका आना कोनीतरी." कोणी हलेना. गडीमाणसं उभी की हो काठावर, पण एकाचा पाय उचलेना. मला राग आला. मी लुगड्यासकट पाण्यात उतरले आणि त्यांच्यापाशी जाऊन पटका दिला. तेव्हा मला त्या पोराचा चेहरा दिसला.

रात्रभर पाण्यात होता तो. मासा आधी मऊ जागेला तोंड लावतो, हे भोयाच्या घरात लहान लेकरालाही ठाऊक असतं. याहून जास्त मी सांगणार नाही. मामंजींनी माझ्याकडं बघितलं. "बगितलंस?" मी मान हलवली. "इसरून जा." मग त्यांनी त्याचं तोंड पटक्यानं नीट गुंडाळलं, वेढ्यावर वेढे घेतले, मागं पक्की गाठ मारली, आणि मगच त्याला काठावर आणलं.

दुपारी आई-बाप आले. बापानं आणि पोलीस पाटलानं पटक्याचा कोपरा उचलून बघितलं आणि पुन्हा बांधून टाकलं. आईला कोणी जवळ जाऊ देईना. ती ओरडत नव्हती, रडतही नव्हती. एकच विचारत होती, "तोंड का बांधलंय? माझ्या लेकराचं तोंड का बांधलंय?" बायका म्हणाल्या, पाण्यातून काढलेल्याचं बांधतातच. तसं काही नसतं. तिला फक्त पाय धरू दिले. तिनं ते पाय इतके घट्ट धरले होते की शेवटी भावानं तिची बोटं सोडवली. मी तिथंच उभी होते.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. पाण्यातून माणूस काढून दिला तर आम्ही त्या घरचा चहासुद्धा घेत नाही. आणि ते पाणी आमच्यासाठी बंद होतं. त्यात जाळं पडत नाही. गेलेला ज्या बाईच्या पोटचा, तिनं येऊन जाळ्याला हात लावायचा आणि "टाका" म्हणायचं. मग पाणी मोकळं. एरवी दहा-पंधरा दिवसांत हे होऊन जातं, कारण मेलेला आसपासचाच असतो. मी एकदा मामंजींना विचारलं होतं, कोणत्या देवाचं आहे हे? म्हणाले, "देवाचं कायीच न्हाई. जिचं लेकरू पान्यानं खाल्लं तिला इचारल्याबिगर त्या पान्याचं आपन खायचं न्हाई, इतकंच."

पोराच्या माणसांनी त्यांच्या पद्धतीनं वंदना घेतली, पंचशील झालं, आणि नवरा तिला लातूरला घेऊन गेला. जाळ्याला हात लावायला ती डोहावर आलीच नाही. मामंजींनी तिच्या भावाकरवी निरोप धाडला. तिच्या नवऱ्याचा उलटा निरोप आला, आम्ही हे असलं सगळं केव्हाच सोडून दिलंय, तुम्ही खुशाल जाळं टाका, आमची काही हरकत नाही. माणूस सरळ होता, चांगल्या मनानं म्हणाला होता.

मामंजींनी ऐकून घेतलं. "त्यांनी सोडलं ते बेस केलं. ही रीत त्यांची न्हाईच, आपली हाय. त्यांना कायी करायचं न्हाई, आपल्याला इचारायचं हाय. आन् बापाला न्हाई, मायीला."

पुन्हा निरोप गेला. आईकडून काही आलं नाही. हो नाही, ना नाही.

होळी आली आणि गेली. डोहाचं पाणी कमरेवर आलं, मग मांडीवर. सकाळी मासे तोंड वर काढून आ वासायचे. बगळ्यांची जत्रा भरलेली. कडेचे मासे चिखलात मरायला लागले आणि वाऱ्याबरोबर वास गावात यायला लागला. लोक आता उघड बोलायला लागले. मासा मरून सडणार, ना भोयाच्या तोंडात ना गावाच्या, हे कसलं शहाणपण? कोणी टोपली घेऊन यायचं, तर मामंजी खडकावर काठी घेऊन बसलेले. माझ्या नवऱ्याचं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. "पान्यात देव न्हाई म्हनता आन् घरात बाईला उपाशी ठेवता," असं तो बापाच्या तोंडावर म्हणाला आणि हैदराबादेला बांधकामावर निघून गेला. बांधाचं कामही बंद पडलं होतं. घरात जवारी संपत आलेली. मी कण्या शिजवायचे, त्यात मीठ-मिरची. पोटातलं लेकरू लाथा मारायचं आणि मला वाटायचं, ते मागून राहिलंय आणि मी देऊ शकत नाही.

एक दिवस माझा तोल सुटला. डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं. "मामंजी, मेलेल्याचं एवढं, आणि जे जन्माला यायचंय त्याचं काही नाही? ती बाई तिकडं लातुरात गप बसलीय, तिला आमची काय पडलीय! तुम्ही खामखा इमान धरून बसलात. मासा काय वाट बघत बसणार आहे तिची?"

मला वाटलं, आता ओरडतील. ते खडकावरून उठले, काठी टेकवली. म्हणाले, "खरं हाय तुजं. पर मी ती लेकराचे पाय धरून काठावर बसलेली बगितलीय. उद्या सकाळी चल माझ्यासंगं. मायीला इचारायचं तर बाईमानूस पायजे सोबत."

आम्ही निघालो. मामंजींनी फेकजाळं घडी करून पिशवीत घेतलं होतं. ती येत नाही तर जाळंच तिच्याकडं न्यायचं. जाळ्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या खड्ड्याखड्ड्याला खळखळायच्या आणि एसटीतले लोक वळून बघायचे. मुखेड, अहमदपूर करत लातूरला पोचलो. मी पहिल्यांदाच बघत होते ते गाव. नवा जिल्हा म्हणजे काहीतरी भारी असेल असं वाटलेलं. हापिसांवर ताज्या रंगाच्या पाट्या, आणि त्याच हापिसांपुढं टँकरच्या मागं धावणारी घागरी घेतलेली माणसं. आमच्याकडं वाळू उकरतात, इथं रांगा लावतात. बाकी सगळं तेच.

विचारत विचारत तिची खोली सापडली. नवरा हापिसात गेला होता. ती दारात आली. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, काय काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. पण ती समोर उभी राहिली. अंगावरचं मांस उतरलं होतं तिचं. चार महिन्यांची बाळंतीण दिसावी तशी, आणि बाळ कुठंच नाही.

"काका," म्हणाली. गावची लेक, लहानपणी जवारीच्या बदल्यात मासे न्यायला यायची म्हणे आमच्या दारात. "या आत. मला वाटलंच होतं एक दिवस याल."

मामंजी भिंतीला टेकून उकिडवे बसले. पिशवी पुढ्यात. म्हणाले, "माय, तुला कशासाठी तरास द्यायला आलो ते तुला म्हाईत हाय."

"माहीत आहे. हे म्हणतात, आपण मानत नाही तर सांगून टाक की टाका म्हणून. मीही मानत नाही काका. तुमची रीत माझ्या डोक्यावर बसलेली नाही." ती थांबली. "पण मला एक विचारायचंय, आणि ते तुम्हालाच विचारायचंय. ह्यांना विचारलं, ते म्हणतात झोपल्यासारखा होता. ते तसंच म्हणणार. तुम्ही त्याला वर काढलं. तोंड तुम्ही बांधलं. का बांधलं? त्या माशांनी माझ्या लेकराला तोंड लावलं होतं का?"

खोलीत आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. मी खाली मान घातली. माझ्या मनात आलं, आता संपलं. मामंजींना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बाजारात कालचा मासा आजचा म्हणून विकायचे नाहीत, त्यावरून गिऱ्हाईक हसायचं. हा माणूस खरं सांगणार आणि ही बाई जन्मभर ते खरं घेऊन जगणार.

मामंजी आपल्या हातांकडं बघत होते. हातांकडं बघतच म्हणाले, "न्हाई माय. कायी न्हाई झालं त्याला. थंडीचे दिवस व्हते, मासा तळाला बसून असतोय, हालत न्हाई. झोपल्यावानीच व्हता. आमच्यात तोंड बांधायची रीत हाय, म्हनून बांधलं."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर माझ्याकडं वळली, माझ्या पोटावर थांबली. "किती दिवस राहिले गं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "खाते का नीट?" मी पदर पोटावर ओढून घेतला.

ती पुढं सरकली, पिशवीत हात घालून जाळं चाचपलं, मुठीत धरलं. "टाका काका," म्हणाली. "मात्र पहिला मासा मला आणून द्या. मी माझ्या हातानं करीन. तुम्ही दोघंही इथंच जेवायचं."

आम्ही परत निघालो. अहमदपूरला गाडी बदलताना स्टँडवर मामंजी म्हणाले, "लबाडी करून घेतलं मी तिच्याकडनं."

"तुम्ही तिच्यासाठी बोललात, मामंजी."

"तिच्यासाठी बोललो. पर फायदा कोनाला झाला? मला. आसं पानी मोकळं होत नसतंय."

"मग नका टाकू जाळं," मी म्हटलं. थकले होते, चिडले होते, आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं की सडू दे तो डोह.

"न टाकून कसं चालंल?" ते म्हणाले. "तिचा भाऊ गावात हाय. तात्यानं मोकळं करून आनलं आन् तरी जाळं टाकलं न्हाई, हे तिच्या कानावर जाईलच. मग ती काय समजायचं ते समजंल." आणि पिशवी खांद्याला अडकवून गाडीकडं चालायला लागले.

अशी त्यांनी स्वतःची वाट दोन्हीकडून बंद करून घेतली होती. जाळं टाकावं तर रीत मोडते, न टाकावं तर त्या माऊलीचं मन मोडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या माणसांनी मोठं जाळं ओढलं. सगळं गाव काठावर लोटलं होतं. पहिल्याच ओढीला जाळं इतकं जड झालं की काठावरच्या माणसांनी पाण्यात उड्या घेऊन हात लावला. वाड्यावाड्यात वाटे गेले. ज्यांनी मामंजींना वेड्यात काढलं होतं तेच आता म्हणत होते, तात्या, माणूस खरा. मामंजी जाळ्याच्या दोऱ्या गुंडाळत बसले होते, मान वर केली नाही.

मी त्या रात्री मासे खाल्ले. पोटभर खाल्ले. खोटं कशाला सांगू? पहिल्या घासाला तो चेहरा डोळ्यापुढं आला, तरी तसंच गिळलं. लेकरासाठी गिळलं. मामंजींनी ताट घेतलं नाही. "मला लातूरला खायचंय," म्हणाले.

पहिल्या ओढीतली एक मरळ त्यांनी घागरीत जिवंत ठेवली होती. मरळ चिवट असते, थोड्या पाण्यातही तग धरते. घागरीच्या तोंडाला ओला फडका बांधून आम्ही पुन्हा एसटीत चढलो. कंडक्टर अडून बसला, गाडीत जिवंत जनावर चालत नाही म्हणे. मी म्हटलं, "जनावर असेल तर त्याचं अर्धं तिकीट फाडा, चढू तर द्या!" लोक हसले, त्यानं आम्हाला मागच्या सीटवर बसवलं. मामंजी घागर मांडीत घेऊन बसले होते. ते हसले नाहीत. आत मासा हलला की त्यांचा हात घागरीवर दाबला जायचा.

तिनं तो मासा स्वतः कापला. चुलीपुढं मी हात लावायला गेले तर मला पाटावर बसवलं. राख लावून चोळला, तुकडे केले, चिंचेच्या कोळात, तिखटात शिजवला. लातुरात हंडाभर पाणी म्हणजे सोनं, पण तिनं तो मासा चार पाण्यांनी धुतला. मग तीन ताटं वाढली. नवरा हापिसात होता, तिनं मुद्दाम तीच वेळ धरली असावी असं मला नंतर वाटलं.

"जेवा काका," ती म्हणाली, आणि मामंजींच्या समोर बसली.

तिनं पहिला घास घेतला. घेताना तिचे डोळे मामंजींच्या तोंडावर होते. ज्या घरचा चहाही घ्यायचा नाही, त्या घरात मामंजींनी घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. मी त्यांना आयुष्यात इतकं सावकाश जेवताना पाहिलं नाही. काटे काढून ताटाच्या कडेला ओळीनं ठेवत होते. ताट संपलं तशी तिनं अजून वाढलं. त्यांनी तेही संपवलं. कपाळावर घाम आला होता, पण हात थांबला नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, बस करा, बस करा दोघंही. माझ्या ताटातलं तसंच राहिलं आणि मला कोणी काही म्हणालं नाही.

जेवण झालं. मामंजी हात धुऊन रिकामी घागर घेऊन गल्लीत गेले. मी मागं राहिले, ताटं उचलू लागले. तिनं माझा दंड धरला.

"तुझ्या सासऱ्यांना खोटं बोलता येत नाही गं," ती म्हणाली. अगदी हळू, पण स्पष्ट.

माझ्या हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. "म्हणजे तुम्हाला..."

"त्या दिवशीच कळलं. हाताकडं बघून बोलत होते."

"मग जाळ्याला हात का लावलात? आणि हे आज... हे तुम्ही खाल्लंत कसं?"

ती माझ्या डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली, लेकीचा करावा तसा. "ते माझ्यासाठी एवढ्या लांबून खोटं घेऊन आले होते," म्हणाली. "ते परत कसं पाठवू मी? आणि तू अशी उपाशी समोर बसलेली." मग डोळे पुसून म्हणाली, "त्यांना सांगू नको. त्यांना वाटू दे, मला खरं वाटलं म्हणून."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिथं ती आई होती आणि मी परकी, रडायचा हक्क तिचा, पण रडले मी. ती मला थोपटत होती.

पाऊस झाला पुढं, उशिरा झाला पण झाला. मला मुलगी झाली. नवरा हैदराबादेहून परत आला. डोह भरला, नदी वाहायला लागली, जाळी पुन्हा पडायला लागली. मामंजींनी मात्र त्या दिवसानंतर माशाचा घास तोंडात घातला नाही. त्यांना वाटायचं, त्यांनी त्या बाईला फसवलं. मी बाजारात मासे विकायचे आणि घरी त्यांच्यासाठी वेगळं पिठलं टाकायचे. कितीदा ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं, मामंजी, ती फसली नव्हती. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिला सगळं माहीत असताना तिनं समोर बसून खाल्लं, हे त्यांना कळलं असतं. त्यांना मासा गोड लागला नसता, उलट झोप गेली असती. आणि तिनं सांगू नको म्हटलं होतं.

ती वारल्याचं तिच्या भावानं सांगितलं तेव्हा मामंजी अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं. भाऊ घरी निघून गेल्यावर मला जवळ बोलावलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं त्यावर एकदाही बोललो नव्हतो.

"पोरी," म्हणाले, "त्या माऊलीला खरं वाटलं असंल का गं माजं?"

मी त्यांच्या उशाशी बसले होते. माझे हात पदराखाली घेतले आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हाव मामंजी. वाटलं की. मला तिनं स्वतः सांगितलं."